चूक कॉपी करायची का?

पिनबॉल खेळणाऱ्याला मशीनच्या बाजू दिसतच नाहीत. तो समोर उभा असतो, तळवे पेटीच्या कडांना टेकलेले, बोटं बटणांवर आणि नजर काचेखाली पळणाऱ्या 80 ग्रॅमच्या पोलादी गोळीवर. बाजूंवर जे काही रंगवलेलं असतं ते त्याच्यासाठी नसतंच. ते असतं खोलीच्या पलीकडच्या टोकाला खिशातली नाणी चाचपत घुटमळणाऱ्या माणसासाठी. अंधाऱ्या, धुराने भरलेल्या बारमध्ये त्याला लांबून हाक मारायची, एवढंच त्या चित्राचं काम. ते नाजूक असून चालत नाही.

विनूदादाचं पिनबॉल मशीन घरी आलं तेव्हा त्यावरच्या चित्राचा आवाज पार बसला होता.

विनूदादा माझा आतेभाऊ. पुण्यात सहकारनगरच्या जुन्या बंगल्यात राहतो, बँकेतून निवृत्त झालाय, आणि बुधवार-रविवार मंगळवार पेठेतला जुना बाजार चुकवत नाही. बंद रेडिओ, अडलेले टाइपरायटर, कुलपांशिवायच्या किल्ल्या हे सगळं त्याच्या माडीवर सुखाने नांदतं. मशीन मात्र बाजारातलं नव्हे. कॅम्पातल्या एका क्लबाने अडगळीची खोली रिकामी करायला काढली, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने ते टेम्पोतून सहकारनगरला पोचलं. शिकागोच्या गॉटलीब कंपनीचं, सत्तरच्या दशकातलं. खेळाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की मूळ निळा नेमका कोणता यावरून माहितगार भांडायला येतील, आणि मला सध्या तेवढी उसंत नाही.

गॉटलीब हे या धंद्यातलं जुनं घराणं. गोळी परत वर फटकावणारे फ्लिपर पहिल्यांदा आले ते यांच्याच 1947 च्या 'हम्टी डम्टी'वर. त्याआधी स्प्रिंग ओढून गोळी सोडायची, मशीनला चार ढुशा द्यायच्या आणि पुढचं देवावर सोपवायचं, इतकाच खेळ होता. न्यूयॉर्कने 1942 मध्ये तो जुगार ठरवून बंद केला. महापौर ला ग्वार्डिया यांच्या राज्यात पोलिसांनी मशीनं घणाने फोडली. बंदी थेट 1976 पर्यंत टिकली. ती उठवण्यासाठी रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगरप्रतिनिधींसमोर खेळून दाखवलं. आता गोळी मधल्या वाटेने जाईल, असं त्याने आधी सांगितलं आणि स्प्रिंग ओढून ती तिथूनच नेली. म्हणजे हा नशिबाचा खेळ नव्हे, कसबाचा.

मी ही गोष्ट आत्याला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "मग ते महापौर बरोबरच होते की." नाणं टाकून जे काही खेळतात ते तिच्या लेखी सगळं एकच. मशीन माडीवर राहील, हॉलमध्ये येणार नाही, या बोलीवर तिने त्याला घरात घेतलं.

आतलं काम दादाने स्वतः केलं. या मशीनमध्ये एकही चिप नाही. रिले, कॉइल, गुण मोजणारी आकड्यांची चाकं आणि घंटा. वीज अमेरिकन, म्हणजे 110 व्होल्टच्या आसपासची. तापकीर गल्लीतून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. सगळा उन्हाळा तो कॉन्टॅक्टच्या पट्ट्या घासत बसला होता. पेटी माझ्या वाट्याला आली, कारण मी उपयोजित कला शिकले आणि पुढे बरीच वर्षं शिकवलीही. "रंगाचं तू बघ," म्हणून तो मोकळा झाला.

बघायला बसले ती जमिनीवरच बसले. सव्वाचार फूट लांबीची बाजू, तिच्यावर लाल आणि निळ्या टोकदार आकृत्या: चांदण्या, बाण, एका कोपऱ्यातून फुटलेले किरण. खालचा पांढरा तपकिरीकडे झुकलेला. क्लबात हे मशीन खिडकीशी उभं असणार, कारण एका बाजूचा लाल जवळजवळ उडून गेला होता आणि दुसऱ्या बाजूचा बऱ्यापैकी शाबूत होता. उन्हात आधी लाल जातो, निळा चिवट. पाय काढून पेटी कधी काळी जमिनीवर उभी करून ठेवलेली असावी. फरशी पुसताना पाणी लागून खालची कड फुगली होती, कोपऱ्यांचे सांधे उघडले होते. आणि दोन्ही बटणांपाशी, जिथे खेळणाऱ्याचा तळवा घासतो, तिथे रंग जाऊन लाकूड उघडं पडलं होतं.

या झिजलेल्या जागांवरून आमच्या घरात मोठी चर्चा झाली. माझ्या भाचीचं म्हणणं, याला हात लावू नका, हाच तर इतिहास आहे. बोलायला छान वाटतं. पण झिजेचं हे कौतुक खेळणाऱ्याला कधीच नसतं, ते नंतर येणाऱ्याला असतं. ज्यांच्या तळव्यांनी तो रंग गेला त्यांना चकचकीत मशीन मिळालं असतं तर ते आनंदाने त्याच्याकडे वळले असते. शिवाय झीज एक आणि नासधूस वेगळी. पाण्याने फुगलेलं लाकूड हा इतिहास नव्हे, तो फरशी पुसणाऱ्याचा निष्काळजीपणा.

पहिला प्रस्ताव अर्थातच स्टिकरचा आला. "व्हिनाइल मारून टाकू गं," दादा म्हणाला. "फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर साफ करायचा, छापायचा, चिकटवायचा." आज जगभर बहुतेक लोक असंच करतात, आणि त्यात कमी प्रतीचं काही नाही. ते नीट करायचं तर सोपंही नाही. जुना रंग घासून काढायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, पॉलिश पेपर बारीक करत करत पृष्ठभाग इतका गुळगुळीत करायचा की हाताला लाकडाची रेघ लागू नये. स्टिकर पातळ असतो, खालचा कणही वर दाखवतो. प्रायमर पुरता वाळू द्यायचा, नाहीतर त्यातला थिनर नंतर बाहेर यायला बघतो आणि फोड येतात. मग साबणाच्या पाण्याचा हलका फवारा, स्टिकर एका कडेला टेपने धरून ठेवायचा, मागचा कागद थोडाथोडा सोडवत रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी ढकलत जायचं. ओढायचा अजिबात नाही; ओढलेलं व्हिनाइल काही दिवसांनी परत आखडतं. कडेला अगदी शेवटपर्यंत नेलं तर पुढे तिथूनच सुटतं, म्हणून मिलिमीटरभर आधी कापायचं. बटणांची आणि पायांच्या बोल्टची भोकं सगळ्यात शेवटी, नव्या ब्लेडने.

नव्वदच्या दशकातलं मशीन असतं तर मीही हेच केलं असतं. 1992 च्या 'द ॲडम्स फॅमिली'चं उदाहरण घ्या. त्याची 20,270 मशीनं विकली गेली, इतकी लाडकी की त्याच्या बाजूंची चित्रं आज तयार मिळतात. तिथे चेहरे आहेत, सावल्या आहेत, बारकावे आहेत. ते हाताने पुन्हा करायला जाणं म्हणजे हट्ट.

आमच्या पेटीचं तसं नव्हतं. प्रिंटवाल्याने नमुना म्हणून एक चांदणी छापून दिली. सुरेख होती. कडा ब्लेडने कापल्यासारख्या, रंग सपाट, आणि मूळ पांढऱ्यावर जे बारीक शिंतोडे होते तेसुद्धा त्याने इमानदारीने छापले होते. तिथेच माझं मन उडालं. मूळ शिंतोडे बोटाला लागतात. हे शिंतोड्यांचे फोटो होते.

मग मी नाना पेठेतल्या पेंटरकाकांना बोलावलं. एके काळी थिएटरांचे मोठमोठे बॅनर रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं. मग नंबरप्लेटा लिहायला लागले. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली, तेव्हा तेही पातळ झालं. आता शटर, हातगाड्या, गणपतीच्या मंडपाच्या कमानी असं मिळेल ते करतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, अंगठा चांदणीच्या कडेवरून फिरवला आणि म्हणाले, "ताई, हे प्रिंट नाही. हे गनचं काम आहे. पत्रा ठेवून मारलंय."

बरोबर होतं. त्या काळातल्या पेट्या अशाच रंगवत. आधी अस्तराचा रंग. मग गनमध्ये दाट रंग भरून, हवेचा दाब कमी ठेवून सोडलेले शिंतोडे. दाब कमी पडला की रंगाचा धुरळा होत नाही, तार येते, ठिपके पडतात. लाकडाचे बारीकसारीक दोष त्यात लपून जातात. मग एक स्टेन्सिल ठेवून पहिला रंग, तो वाळला की दुसरं ठेवून दुसरा. संपली पेटी. भिंगातून पाहिलं तर आमच्याही मशीनवर निळ्याखाली शिंतोड्यांचे उंचवटे दिसत होते.

आणि मग त्या आकृत्या तशा टोकदार का, हेही उमगलं. तुळशीबागेत रांगोळीचे छापे मिळतात ते आठवून बघा: कमळाच्या पाकळ्या एकमेकींना कधी टेकत नाहीत, मध्ये पत्र्याची पट्टी राहतेच, नाहीतर छाप्याचा मधला भाग गळून पडेल. इथेही तसंच. वर्तुळात वर्तुळ काढायची सोय नाही. किरण, बाण, चांदण्या चालतात. चित्रकाराने आधी काय सुंदर दिसेल हे ठरवलेलं नाही, पत्रा काय धरून ठेवील हे ठरवलंय. माझ्या वर्गात मी याला मर्यादा म्हणायचे आणि मुलं कंटाळायची. या पेटीसमोर बसवलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

पिनबॉलच्या चित्रांविषयी लोक बोलतात ते मागच्या उभ्या काचेवरच्या चित्रांविषयी. रॉय पार्कर, गॉर्डन मॉरिसन ही गॉटलीबच्या चाहत्यांच्या तोंडची नावं. त्यातली बरीचशी कला शिकागोच्याच ॲडव्हर्टायझिंग पोस्टर्स या छपाई कंपनीतून यायची; नावाप्रमाणे पोस्टर छापणारी मंडळी. पण पेटीवर गन कोणी मारली याची नोंद कुणी ठेवत नसे. तो कारखान्यातला कामगार, दिवसभर एकामागून एक पेट्या समोर येणार, स्टेन्सिल ठेव, मार, उचल. पेंटरकाकांना ही माहिती अजिबात रोमांचक वाटली नाही. "रोजंदारी असेल," ते म्हणाले.

आकृत्या उतरवून घेणं हा या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग. जिथे लाल पूर्ण उडालाय तिथे डोळ्याला काही दिसत नाही, पण रात्री दिवे बंद करून टॉर्च पेटीला लगटून तिरपा धरला की रंगाच्या थराची कड सावली टाकते. त्या सावलीवरून ट्रेसिंग. दुसऱ्या बाजूचं ट्रेसिंग उलटं करून ताडून बघायचं. मग जाड पॉलिस्टर शीटवर उतरवून कटरने कापायचं. दादाने रेडियमवाल्याकडून चिकटणारं मास्क कापून आणायचं सुचवलं होतं, ते मी टाळलं. चिकटलेल्या मास्कची कड धारदार येते, आणि मूळ कडेला तर धुरकट मऊपणा होता, रंग पत्र्याखाली किंचित शिरलेला. काकांनी शीट नुसतीच ठेवली आणि उडू नये म्हणून वर नट-बोल्ट मांडले.

रंग जुळवायला पुरावा हवा होता, तो काचेशेजारच्या लोखंडी पट्टीखाली सापडला. पट्टी काढली तर खाली बोटभर रुंदीचा लाल, आज लावल्यासारखा. इतका भडक की दादा दचकला. "असा होता? मला वाटलं विटकरी असेल." पांढऱ्यावरूनही वाद झाला. त्याला थोडा पिवळट हवा होता, जुना दिसावा म्हणून. मी नाही म्हटलं. पन्नास वर्षांपूर्वीचा सिगारेटचा धूर मी डब्यातून काय म्हणून लावू? त्या पट्टीखालचा मूळ रंग मात्र आम्ही घासला नाही. नव्या कामातही तो तसाच पट्टीखाली आहे. पुढे कुणाला आमचा लाल पटला नाही तर त्याने तिथे बघावं.

सुतारकाम लवकर उरकलं. सांध्यांत फेव्हिकॉल, शिकंजे, फुगलेली कड कापून नवी पट्टी, लांबी, पॉलिश पेपर. तोवर पाऊस लागला आणि काकांनी गन ठेवून दिली. दमट हवेत हा रंग वाळताना पांढुरका धुरकटतो, चकाकी मरते. दादाची घाई चालली होती, गणपतीला पाहुणे येणार, त्यांना दाखवायचं होतं. काकांनी सरळ सांगितलं, "साहेब, कोजागरी होऊ दे." त्या मोसमात ते स्वतः मंडळांच्या कमानींत अडकलेले असतात हेही कारण असणार, पण हवेचं कारणही खरंच होतं.

ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात गच्चीवर काम सुरू झालं. शिंतोडे आधी जुन्या वर्तमानपत्रांवर मारून बघितले, दाब कमी-जास्त करत. मग पेटी आडवी, पांढरा, शिंतोडे, वाळवण, निळा. आणि लालाच्या वेळी तो प्रश्न आला.

डाव्या बाजूची एक चांदणी मूळ पेटीवर चुकलेली होती. स्टेन्सिल थोडं सरकलेलं, त्यामुळे लाल निळ्याच्या बाहेर गेलेला आणि दुसरीकडे पांढरी फट. मी ट्रेसिंगमध्ये ती जशीच्या तशी घेतली होती. शिकागोतल्या त्या कामगाराचा हात एवढ्या एका जागीच दिसतो, तो पुसायचा कसा? दादाचं मत उलट. एवढा खर्च करून वाकडी चांदणी कशाला? आम्ही दोघं काकांकडे बघायला लागलो.

काका शीट हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले. "चूक कॉपी करायची का, ताई?" ते म्हणाले. "मी सरळ ठेवतो. सरकली तर सरकली. त्याची चूक त्याची होती, माझी मी करीन."

मी तीस वर्षांत विद्यार्थ्यांना प्रतिकृतीबद्दल जे काही सांगितलं त्यात एवढं नेमकं काही नव्हतं. मोजून मापून वाकडी ठेवलेली चांदणी म्हणजे त्या प्रिंटवाल्याच्या छापील शिंतोड्यांचीच बहीण झाली असती. मी ट्रेसिंग बाजूला ठेवलं. मग काकांनी शीट ठेवली, नट-बोल्ट मांडले, मारलं. चांदणी सरळ आली. उजव्या बाजूचा एक बाण मात्र शीट उचलताना किंचित घासला गेला आणि त्याच्या टोकाला लाल फराटा उरला. काकांनी थिनरचा बोळा उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली ठेवला. दादाला अजून तो फराटा दिसलेला नाही, किंवा दिसूनही तो बोलत नाही.

आता मशीन माडीच्या जिन्यावरून पहिल्याच नजरेत अंगावर येतं. फार भडक झालंय, असं पाहणारे बहुतेक जण म्हणतात. खोली लहान आहे, आणि ते चित्र लांबून बघायचं आहे. त्याला काय करणार. आत्या एकदाच वर आली, बाजू पाहिल्या आणि "मंडपासारखं दिसतंय" म्हणून खाली गेली. काकांना मी हे कळवलं, तर ते खूश झाले.

राहिली मागची काच. आता दादाचा लकडा तिच्यामागे आहे: पेटी नवी झाली, मग काच का नको? काचेच्या मागच्या बाजूने बरेच रंग एकावर एक स्क्रीनने छापलेले असतात, जे समोर दिसायचं ते आधी, आणि सगळ्यात शेवटी दिव्यांचा उजेड अडवणारा थर. केळकर संग्रहालयात काचेच्या पाठीवर रंगवलेली चित्रं पाहिली असतील तर हा उलटा क्रम लगेच कळेल. आमच्या काचेवर दिव्यांच्या उष्णतेने दोन-तीन जागी रंगाचे पापुद्रे सुटलेत. एका बाईच्या खांद्याचा तुकडा गेलाय. पेटीवर जे होतं ते तीन रंग आणि दोन स्टेन्सिल होती. उडालेल्या रंगाचीही कड मागे राहिली होती, तिच्यावरून पुन्हा उभं करता आलं. काचेवरून पापुद्रा पडला की तिथे नुसती काच उरते, टॉर्च कसाही धरा. तो खांदा मी रंगवला तर तो माझा खांदा होईल, आणि शेजारी त्या चित्रकाराचा दंड. काका तर काचेकडे फिरकायलाही तयार नाहीत.

तेव्हा काच पुसायची नाही, ओला फडका तर मुळीच नाही, असं दादाला बजावलंय. मागचे दिवेही बदलायला लावले. 44 नंबरचा बल्ब 250 मिलिअँपिअर ओढतो, 47 नंबरचा 150. त्या मानाने तापतोही कमी. दादा म्हणतो, उजेड मंद झाला, गुण वाचायला चष्मा लागतो. मी म्हटलं, लाव की मग चष्मा.